साताऱ्यातलं एक कटिंगचं दुकान आणि आमचं अकरा पानांचं पुस्तक

रिव्ह्यू एका कटिंगच्या दुकानाचा आहे. पोवई नाक्याकडनं गोडोलीकडे जाताना आत एका बोळात आहे, तीन खुर्च्या, भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो, त्याला रोज ताजा हार, एक टीव्ही, एक बाकडं. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण दुकानवाल्या दादांनीच सांगितलं, “वैनी, लिहा खुशाल, पन नाव नको. एकदम धा पोरं आली तर मला एकेकाला टाइम द्यायला जमायचं न्हाय, आन मग तुमच्या पुस्तकात लिवलंय तसं व्हायचं न्हाय.” पुस्तक म्हणजे कटिंगला न्यायच्या आधी मुलाला वाचून दाखवायला मी केलेलं, याच दुकानाच्या फोटोंचं. त्यात लिहिलंय तसंच दुकानात व्हायला पाहिजे, हे ज्या माणसाला मी न सांगता कळलं त्याच्या दुकानाबद्दल लिहितेय. मोठं होणार आहे, ज्यांच्या घरी असं मूल आहे ते वाचतील शेवटपर्यंत.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. बोलतो, उशिरा बोलायला लागला पण आता बोलतो. आमच्याकडे खरी अडचण स्पर्शाची आणि आवाजाची. मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगावं लागतं. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कापून टाकते, मोज्याची शिवण बोटांना लागते म्हणून मोजे उलटे घालते. नखं, डोकं धुणं आणि केस कापणं, या तिन्हीपैकी काहीही त्या दिवशी करायचं असलं की सकाळपासून माझ्या पोटात गोळा.

जावळ पालीच्या खंडोबाला काढलं होतं, मामाच्या मांडीवर, वर्षाचा होता. खूप रडला. सगळे म्हणाले जावळाला सगळीच पोरं रडतात, आणि खरंच रडतात, त्यामुळे मलाही काही वेगळं वाटलं नाही. पण बाकीची पोरं अर्ध्या तासात गप्प होऊन पेढा खातात आणि हा त्यानंतर चार दिवस कुणाला डोक्याला हात लावू देत नव्हता, झोपेत सुद्धा दचकायचा. ते मला नंतर, सगळं कळल्यावर, आठवलं.

चार वर्षांचा असताना एका एसी सलूनमधे नेलं होतं, कुठल्या ते लिहीत नाही. तिथे दोघांनी हात धरले, एकाने डोकं धरलं आणि एकाने मशीन फिरवली, मी काचेच्या बाहेर उभी होते कारण मला म्हणाले आई समोर असली की जास्त नाटकं करतात. त्याला उलटी झाली. केस मात्र एकदम छान कापले होते. त्यानंतर अडीच वर्षं दुकान नाही. मी रात्री तो झोपला की मोबाईलच्या टॉर्चवर कात्रीने थोडे थोडे कापायची, आज डावी बाजू, परवा उजवी. लग्नाबिग्नात गेलं की कुणीतरी म्हणायचंच, काय गं, पोराचे केस उंदरांनी कुरतडलेत काय. हे ऐकून घ्यायचं आणि हसायचं.

ओटी मॅडमनी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पहिल्यांदा मला नीट समजावलं की हा हट्ट नाही आणि लाडही नाहीत. आपल्या अंगावर दिवसभर जे लागतं, ऐकू येतं, वास येतो, त्यातलं बरंचसं मेंदू आपोआप मागे टाकतो, आपल्याला घातलेला शर्ट दिवसभर जाणवत नाही ना, तसं. काही मुलांचं ते मागे टाकलं जात नाही, सगळं एकाच जोराने येत राहतं. काहींचं उलट असतं, त्यांना पुरेसं जाणवतच नाही म्हणून ती धडपडत, आपटत, गरगर फिरत राहतात. आणि एकाच पोरात दोन्ही असू शकतं, आमच्यात आहे. अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, १९६०-७० च्या काळात त्यांनी यावर काम केलं, सेन्सरी इंटिग्रेशन हा शब्द तिथून आला. सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर असा वेगळा आजार डॉक्टर लोकांच्या यादीत, म्हणजे डीएसएम-५ मधे, नाही, पण २०१३ साली ती यादी आली तेव्हा ऑटिझमच्या लक्षणांमधे आवाज-स्पर्शाला जास्त किंवा कमी प्रतिक्रिया हे घातलं गेलं. हे एवढं मी का सांगतेय तर घरातली मोठी माणसं अजून म्हणतात की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं, नाव नव्हतं.

केस कापण्यात काय काय असतं ते मॅडमनी एकेक करून दाखवलं आणि मला स्वतःलाच धक्का बसला. मानेला कापड आवळलेलं. पाय लोंबकळतात, खाली टेकायला काही नाही, त्यामुळे पडल्यासारखं वाटतं. मान कुणीतरी दुसराच वाकवतो. मशीनचा आवाज नुसता कानातून येत नाही, मशीन डोक्याला टेकलेली असते म्हणून थरथर हाडातूनही जाते, त्यामुळे कानात कापूस घालून उपयोग होत नाही. बारीक केस मानेवर पडतात, आणि हलका स्पर्श अशा मुलांना दाबून केलेल्या स्पर्शापेक्षा जास्त त्रास देतो, म्हणजे आपण मायेने हळूच हात फिरवायला जातो आणि तेच त्याला टोचतं. वर आफ्टरशेव्हचा वास. आणि हे सगळं कधी संपणार ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ते शेवटचं जे आहे, कधी संपणार आणि पुढे काय होणार, त्यासाठी सोशल स्टोरी.

मला वाटलं गोष्ट म्हणजे ससा-कासव टाइप काहीतरी, सशाने केस कापले आणि मग सगळे त्याला छान म्हणाले. तसं नसतं. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकेतल्या, मिशिगनमधल्या शिक्षिकेने १९९० च्या सुमारास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी हे लिहायला सुरुवात केली. एखादा प्रसंग कुठे, केव्हा, कोण कोण, काय काय आणि का, हे त्या मुलाला कळेल अशा भाषेत, शांतपणे सांगायचं. बहुतेक वेळा मूल स्वतः बोलतंय अशी, ‘मी’ करून.

मी जोशात पहिली गोष्ट लिहून नेली. मी शहाणा मुलगा आहे. मी केस कापताना रडत नाही. मी हलत नाही. मी दादांना त्रास देत नाही. मग आईला आनंद होतो. मॅडमनी वाचली, कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, यात त्याला माहिती काय मिळाली? काहीच नाही. पाच वाक्यांत चार वेळा मी त्याला दटावलं होतं, फक्त गोड आवाजात. नियम असा आहे की माहितीची वाक्यं सूचनेच्या वाक्यांपेक्षा निदान दुप्पट हवीत, त्याहून जास्त असली तर उत्तमच, सूचना एक-दोनच, आणि त्या पण ‘मी असं करू शकतो’ अशा. ‘नेहमी’ लिहायचं नाही, ‘बहुतेक वेळा’, ‘कधी कधी’ लिहायचं, कारण आमची पोरं शब्द धरून बसतात. आणि ग्रे बाईंचं एक म्हणणं मला फार आवडलं, की ज्या मुलासाठी लिहिता त्याच्या निम्म्या गोष्टी तरी तो जे आधीच चांगलं करतो त्याबद्दल असाव्यात. म्हणून आमच्या घरातली पहिली सोशल स्टोरी कटिंगची नाहीच, ‘मी चपला ओळीत ठेवतो’ ही आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोटं लिहायचं नाही. ‘केस कापताना काहीच होत नाही’ असं मी लिहिलं असतं तर ते माझ्यासाठी खरं होतं, त्याच्यासाठी धादांत खोटं. एकदा खोटं सापडलं की पुढच्या पुस्तकावरही विश्वास नाही.

आता खरं लिहायचं तर दुकानात नक्की काय होतं ते मला माहीत पाहिजे, आणि मी जन्मात कधी पुरुषांच्या कटिंगच्या दुकानात बसले नव्हते. मिस्टर पुण्याला असतात, शनिवारी रात्री येतात, त्यामुळे मीच निघाले मोबाईल घेऊन. एका ठिकाणी विचारलं फोटो कशाला पाहिजेत. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले ताई तुम्ही फक्त घट्ट धरा, दोन मिनिटात उरकतो. तिसरं हे.

दुपारी तीनची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, दादा पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, मला वाटतं पंधरा मिनिटं मी सलग बोलत होते आणि ते पेपर घडी करून ऐकत होते. मग म्हणाले, “मंजी शाळेत नाटकाची तालीम घेत्यात तसं. आधी घरी तालीम, मग हितं.” मी म्हटलं हो, अगदी तसंच. “मग माझा पन फोटो काढा. न्हायतर पुस्तकात एक मानूस आन दुकानात दुसराच.” एवढ्या वर्षात इतक्या पटकन हे कुणाला समजलेलं मी बघितलं नाही.

पुढे त्यांनी जे केलं ते मला कधी सुचलंच नसतं. मला म्हणाले बसा. मी बसले खुर्चीत, त्यांनी मला कापड घातलं, मानेला गाठ मारली, फळी आडवी टाकून दाखवली, मशीन चालू करून माझ्या कानापाशी नुसती धरली. जबड्यापर्यंत झिणझिण्या येतात हो. मग खरी कात्री केसांना न लावता हवेत वाजवली. म्हणजे माझं पोरगं काय काय सोसतं ते मला चाळिशीत एका कटिंगच्या खुर्चीत बसून कळलं. मी तिथे रडले थोडी, त्यांनी काही न बोलता पंखा वाढवला.

पुस्तक अकरा पानांचं झालं. प्रत्येक पानावर एक फोटो, खाली मोठ्या अक्षरात तीन-चार ओळी. माझे केस वाढतात. आजोबांचे केस वाढतात, बाबांचे पण वाढतात. केस डोळ्यांवर आले की आपण कापतो. हे दादांचं दुकान आहे. आत तीन खुर्च्या आहेत. मी बहुतेक वेळा भिंतीकडच्या खुर्चीत बसतो. खुर्चीवर फळी ठेवतात म्हणजे मी आरशात दिसतो. पायाखाली स्टूल असतं. कापड मानेजवळ घट्ट वाटू शकतं, मी ‘सैल’ म्हणू शकतो. कात्री कच कच वाजते. केस कापले तर केसांना दुखत नाही, ओढले गेले तर डोक्याला थोडं दुखू शकतं. कापलेले केस मानेवर पडतात, ते टोचतात, आई टॉवेलने दाबून पुसते. घरी गेल्यावर आंघोळ.

मशीनचं पान सातवं. ते दादांनी सांगितलं तसं लिहिलंय. मशीनचा आवाज घुंऽऽ येतो. कानाजवळ मोठा वाटतो. दादा आधी मशीन माझ्या हातावर लावून दाखवतात. मग दादा एक ते दहा मोजतात. दहा झाले की मशीन बंद होते. आठव्या पानावर, मला थांबायचं असेल तर मी हात वर करू शकतो, दादा थांबतात. मी आधी ‘पाच मिनिटांत केस कापून होतात’ असं लिहिलं होतं तर त्यांनी ते खोडायला लावलं, म्हणाले पाचाची सात मिन्टं झाली तर? मोजायचं माझ्या हातात हाय, घड्याळ न्हाय. शेवटच्या पानावर ‘झालं’ हा शब्द पण त्यांचा. म्हणाले मी सगळ्यांना शेवटी ‘झालं’च म्हनतो, तेच लिवा.

राजवाड्याजवळ झेरॉक्सच्या दुकानात कलर प्रिंट, लॅमिनेशन आणि स्पायरल करून घेतलं, दोन कॉप्या, एक घरी, एक दुकानात. सगळं मिळून सहाशेच्या आत. बाजारात आणि नेटवर रेडीमेड असतात पण बहुतेक इंग्लिशमधे, चित्रातला मुलगा गोरा, दुकान चकाचक, माझ्या पोराला ती त्या मुलाची गोष्ट वाटते, स्वतःची नाही. मराठीत लिहायचं असेल तर घरी बोलता तसंच लिहा, आमच्याकडे कटिंगला कटिंगच म्हणतात, मी ‘केशकर्तन’ लिहिलं असतं तर त्याला ते केकशी संबंधित वाटलं असतं.

रोज दुपारी जेवण झाल्यावर, तो शांत असताना, एकदा वाचायचो. दंगा चालू असताना किंवा धमकी म्हणून नाही. सुरुवातीला सातवं पान आलं की तो दोन पानं एकदम उलटायचा. उलटू दिलं. आठवड्याने स्वतःच सातव्या पानावर थांबून घुंऽऽ करायला लागला.

पहिल्या वेळी कटिंग नाहीच, नुसतं जाऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसायचं आणि परत यायचं. त्या दिवशी सकाळी मॅडमच्या सांगण्यावरून त्याला चार भिंतीला, म्हणजे इथल्या टेकडीवरच्या स्मारकाला, चढवत नेलं, पाठीवर दोन पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, कारण चढणं, ओझं उचलणं, ढकलणं असल्या स्नायूंना जोर लागणाऱ्या कामाने अशी काही मुलं शांत होतात. दुकानात गेलो तर टीव्ही बंद, बाकड्यावर कुणी नाही, दादा फोटोत होता तोच चौकड्यांचा शर्ट घालून उभे. मी सांगितलं नव्हतं शर्टाचं. पोरगं त्यांच्याकडे बघतंय, पुस्तकाकडे बघतंय, परत त्यांच्याकडे. आणि खुर्चीत जाऊन बसलं.

दुसऱ्या वेळी फक्त पुढचे केस, कात्रीने. तिसऱ्या वेळी मशीन. हातावर लावून दाखवली, मग मानेला, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या आकड्याला हात वर. दादा थांबले. मशीन बंद केली आणि खाली ठेवली, नुसती हातात धरून वाट बघत उभे राहिले नाहीत, खाली ठेवली. हे लिहायला साधं वाटतं पण माझ्या मुलाच्या आयुष्यात तोपर्यंत ‘थांब’ म्हटल्यावर थांबलेलं मोठं माणूस त्याने कमीच बघितलंय, डॉक्टर थांबत नाहीत, शाळेत थांबत नाहीत, मी सुद्धा नखं कापताना ‘एकच, एकच’ म्हणत सगळी कापते. पाचेक मिनिटं तो आरशात बघत बसला आणि मग म्हणाला, परत. यावेळी सहापर्यंत गेलं. मानेवरचे अर्धे केस राहिले, तसेच घरी आलो.

एकदा बाकड्यावर एक आजोबा होते, चेष्टेने म्हणाले, हलू नको रं, न्हायतर कान कापंल. सगळेच म्हणतात पोरांना असं, लहानपणी माझ्या भावाला पण म्हणायचे. पण आमचा जे ऐकतो ते खरं मानतो, दोन्ही हात कानावर आणि चेहरा पांढरा. दादा लगेच त्या आजोबांना म्हणाले, “नाना, हितं कान कापत न्हाईत, केस कापत्यात, पोराला खरं सांगा.” आणि त्या आजोबांनी खरंच उठून, जवळ न येता, सांगितलं, न्हाय बाळा, चुकलं माझं, कान न्हाय कापत. मला अजून आठवलं तरी भरून येतं.

आता जे बिघडलं ते. पाचव्या वेळी दादांना फोन आला म्हणून ते दोन मिनिटं बाहेर गेले, आणि त्यांच्याकडे कामाला नवीन पोरगा होता त्याने मदत करायची म्हणून फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारलं आणि मानेवर पावडरचा ब्रश फिरवला. पुस्तकात पाणी नाही. पुस्तकात ब्रश नाही. माझा मुलगा खुर्चीखाली, किंचाळत, स्वतःचाच हात चावतोय. मी पण त्या पोराला ओरडले, ते मला करायला नको होतं. दादा पळत आत आले, खाली फरशीवर बसले, लांबच, आणि काही बोलले नाहीत. नंतर कामाच्या पोराला एवढंच म्हणाले, “पुस्तकात पानी लिवलंय का? न्हाय ना? मग ते करायचं न्हाय. चूक आपली हाय.”

त्यानंतर दोन महिने दुकानाचं नाव काढलं की पुस्तक लांब फेकायचा. चार भिंतीला जातानाही त्या बोळाकडे बघायचा नाही. मग आम्ही दोन पानं वाढवली. एकावर लिहिलं, एकदा दुकानात पाणी मारलं गेलं, मला आवडलं नाही, दादांनी सांगितलं की आता पाण्याआधी विचारतील. ते पान वाचून तो पहिल्यांदा म्हणाला, हो, मारलं होतं. म्हणजे झालं ते कुणीतरी लिहून ठेवलंय, घडलंच नाही असं केलं नाही, याचं त्याला बरं वाटलं असावं. दुसऱ्या पानावर दुकानातल्या नव्या पोराचा फोटो, हातात फवारा. तो फोटो काढताना तो बिचारा इतका ताठ उभा राहिला होता, सारखा सॉरी मावशी सॉरी मावशी. तो पण आता दारातूनच हात वर करून दाखवतो, येऊ का आत म्हणून.

आज दीड वर्ष झालं. महिन्या-दीड महिन्याने जातो, पूर्ण कटिंग होते, मशीनसकट, बहुतेक वेळा. आपण बऱ्याचदा म्हणतो ना सवय झाली, तर मला तसं म्हणायचं नाही. मशीन त्याला अजूनही तेवढीच टोचते, आवाज अजून तेवढाच मोठा आहे, फक्त त्याला माहितीये की दहाला थांबणार आणि त्याआधी हवं तर तो थांबवू शकतो. गोष्टीने कान बदलत नाहीत. म्हणून नुसतं पुस्तक करून त्याच गोंगाटाच्या दुकानात नेऊ नका, टीव्ही बंद करणं, वेळ बदलणं, स्टूल देणं हे मोठ्यांनी करायचं काम आहे, ते पोरावर टाकू नका. ब्रिटनमधे शाळांत सोशल स्टोरीची मोठी चाचणी झाली, तीत मुलांच्या एकूण सामाजिक वागण्यात ठळक फरक दिसला नाही, पण ज्या एका ठरवलेल्या गोष्टीसाठी ती लिहिली होती ती जमण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मला हे पटतं. कटिंगच्या पुस्तकाने आमची कटिंग सुधारली, नखं अजून तशीच आहेत, त्याचं वेगळं पुस्तक चालू आहे.

दुकानाचं बाकीचं. कटिंग चांगली करतात, घाई नाही, कात्रीचा हात हलका आहे आणि डोक्यावर हात मात्र घट्ट ठेवतात, तेच आम्हाला हवं असतं. मुलांचे ८० रुपये घेतात, मी पहिल्या महिन्यात दोनशे द्यायला गेले तर परत दिले, म्हणाले केस तेवढेच हायत. आफ्टरशेव्हचा वास राहतो, दुपारी दाढीची गिऱ्हाईकं कमी असतात म्हणून तीनला जा, संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी अजिबात नको. गाडी बोळात जात नाही, बाहेर लावून चालत जावं लागतं, पावसाळ्यात बोळात पाणी साठतं. बाई माणूस एकटी गेली तरी अवघडल्यासारखं होत नाही. एक ट्यूब फडफडायची, ती आता बदललीय. पंख्याचा खर्र आवाज आहे तो अजून आहे, पण तो पुस्तकात लिहिलेला आहे.

कुणाला पाहिजे असेल तर मला मेसेज करा, मी दादांना विचारून, त्यांना जमत असेल तरच सांगेन. जाताना आधी मुलाला न घेता एकदा जा, स्वतः खुर्चीत बसा. फोटो तिथलेच काढा. आणि लिहून झालं की दादांना वाचून दाखवा, ते खोडतील काहीतरी, खोडू द्या.

आता पुढच्या महिन्यात दादा पंधरा दिवस गावाला जाणार आहेत, मुलीचं लग्न आहे. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय म्हणजे मला पान करायला वेळ मिळेल. बंद शटरचा फोटो काल काढला. लेक शेजारी बसून सांगत होता आणि मी लिहीत होते, कधी कधी दुकान बंद असतं, दादा गावाला जातात, केस तोपर्यंत वाढतात. मी विचारलं आणखी काही लिहायचं का, तर म्हणाला, शर्ट तोच घालून या.